हेमंतचे आठ मिलिमीटर

हेमंतच्या गॅरेजमधले किस्से मी सांगायला लागलो की माझी बायको म्हणते, "झालं सुरू!" पण माझा इलाज नाही. दोन हजार चार ते नऊ मी हाउन्सलोला होतो, दर रविवारी त्या गॅरेजमध्ये जात होतो आणि दर रविवारी तिथे काहीतरी घडायचंच. लक्षात ठेवायचे कष्टच पडले नाहीत.

हेमंत मूळचा नागपूरचा, लंडनमध्ये सॉफ्टवेअरवाला. उंची पाच फूट चार इंच. त्याची बायको वैशाली पाच सात. लग्नाच्या फोटोत तो पाटावर उभा आहे, हा शोध आमचाच! अशा माणसाने सहाशे सीसीची लाल स्पोर्ट्स बाईक घेतली. सीटवर बसला की पायांचे अंगठे तेवढे जमिनीला लागायचे.

पहिल्या महिन्यात बाईक दोनदा आडवी झाली. एकदा पेट्रोल स्टेशनवर, एकदा ईलिंगच्या सिग्नलला. वैशालीने शांतपणे सांगितलं, "तिसऱ्यांदा पडली की विकायची."

कॉलेजात वहीच्या मागच्या पानांवर हीच बाईक काढत बसलेला माणूस तो. त्या दिवशी जेवला नाही बिचारा.

* * *

उपाय मी सुचवला, हे कबूल करतो. फोर्क म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन दांडे. क्लॅम्प सैल करून ते वर सरकवले की बाईकचं नाक तेवढं खाली येतं. हेमंतने आठ मिलिमीटर ठरवले आणि चक्क व्हर्नियर कॅलिपर घेऊन बसला.

हात ग्रीसने भरलेले, म्हणून मॅन्युअल वैशाली वाचायची. पोथी वाचावी तसं, एका सुरात. तिने "क्लॅम्पचे बोल्ट सैल करा" म्हटलं, हेमंतने केले. धप्प! बाईकने नाकच टेकलं.

वैशालीने पुढचं वाक्य वाचलं, "त्याआधी पुढच्या बाजूला आधार दिल्याची खात्री करा."

"हे आधी सांगायचं ना!"

"छापलंय त्याच क्रमाने वाचतेय मी."

ही तिसरी वेळ धरायची का, यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी हेमंतचा मुद्दा मान्य झाला: "पडली नाही, बसली!"

* * *

फोर्कनंतर सस्पेन्शन. स्वार बसल्यावर बाईक किती दबते ते मोजून स्प्रिंग सेट करायची असते. त्या रविवारी वाचायला वैशाली नव्हती. तिचा कसलासा क्लास सुरू झाला होता. कसला, ते हेमंतने विचारलं नव्हतं आणि मीही नाही.

मोजायला जयू आला. जयू इथेच जन्मलेला, ईलिंगला बाईक मेकॅनिक, मराठी आईकडून जेवढं मिळालं तेवढं. हेमंत सीटवर चढला, जयू टेप घेऊन वाकला आणि तसाच थांबला.

"हेमंत अंकल, तुम्ही रोज पायजमामध्ये राइड करता?"

"नाही रे. का?"

"मग सगळा गिअर घाला ना! बूट, लेदर, हेल्मेट, सगळा. वेट तर त्याच्यात आहे!"

हेमंत तयार होऊन आला आणि वर ऑफिसची बॅगही पाठीला लावली. जयूने बॅग उघडली. आत डबा होता. "हे पण?"

"रोज असतो," हेमंत म्हणाला. "मोज."

* * *

दसऱ्याला बाईकची पूजा झाली. झेंडू, हळदकुंकू, अक्षता, सगळं साग्रसंगीत. आठवड्याभरात फोर्कमधून तेल गळायला लागलं. जयूने सील उघडलं आणि चिमट्याने काहीतरी बाहेर काढून उजेडात धरलं.

"अंकल, याच्यात राइस कोणी घातला?"

हेमंतने तो दाणा तळहातावर घेतला आणि आधी कपाळाला लावला!

* * *

मग माझे बाबा पुण्याहून आले. हेमंत ड्राइव्हवेवर बाईकवर बसलेला, तेवढ्यात बाबा समोर. वडीलधाऱ्यांना बसल्याबसल्या नमस्कार कसा करायचा? हँडल सोडून तो पाया पडायला वाकला.

बाबांनी सवयीने "आयुष्मान भव" म्हटलं आणि बाईक आडवी झाली.

"नमस्कार करताना पडलेली धरायची नाही," हेमंत खालूनच म्हणाला.

"तीन झाल्या," वैशाली म्हणाली.

हेमंतने स्वतःच्या हाताने जाहिरात लिहिली. मला फार वाईट वाटलं. त्या आठवड्यात फोनवर तो माझ्याशी फक्त हवामानाबद्दल बोलला.

* * *

शनिवारी पिनरहून गिऱ्हाईक आलं. उंच, गोरा, सभ्य माणूस. मी आणि जयू हेमंतला धीर द्यायला उभे होतो. हेमंतने बाईक इतकी पुसली होती की तीत त्याचा पडलेला चेहरा दिसत होता. गिऱ्हाइकाने फोर्कवरून बोट फिरवलं आणि विचारलं, वेगात कशी चालते?

हेमंतने तोंड उघडलं, एवढ्यात वैशाली बाहेर आली. "सो सॉरी," ती त्या माणसाला म्हणाली, "इट्स सोल्ड."

"सोल्ड? कुणाला?" हेमंतने विचारलं.

वैशालीने त्याच्या हातातली किल्ली काढून घेतली.

"आठ मिलिमीटर जास्त होत होते रे," ती म्हणाली. "मोटरवेवर हँडल थरथरायचं. मी पाच केलेत."