दुसरे लेखक

शाळेच्या फाटकातच घोळ झाला. "मॅडमनी दोन लेखक येणार म्हणून सांगितलंय," रखवालदार कवीकडे बघून म्हणाला, "हे एक झाले. दुसरे कुठायत?"

कवीचा थोरला भाऊ, म्हणजेच दुसरे लेखक, शेजारीच शिलाई मशीन उचलून उभा होता. त्याने मान खाली घातली.

घरात लेखक म्हटलं की धाकटाच. थोरल्याला त्याने नाव पाडलं होतं सुईदोरा, आणि ते चिकटलं. सुईदोरा शिलाई मशीनच्या कारखान्यात मेकॅनिक. घरोघरी दुरुस्तीला जायचा, तर बहुतेक मशीन ठणठणीत, दोराच चुकीचा ओवलेला. खोक्यातला माहितीचा कागद असा की वाचून शहाण्यालाही वेड लागावं. शेवटी वैतागून त्याने स्वतःच नवा लिहिला, आणि पुढे प्रत्येक मॉडेलचा कागद त्याच्याकडेच आला. छापायच्या आधी मशीनला कधीही हात न लावलेल्या माणसाला तो स्टुलावर बसवायचा, हातात कागद द्यायचा आणि स्वतः हात मागे बांधून, तोंडाला कुलूप लावून उभा राहायचा. लिहिणारा काय खोक्यात बसून येणार आहे? "घरातही असंच उभं राहत जा," बायको म्हणायची.

एवढं करूनही कुणी 'काय लिहिता' विचारलं की तो म्हणायचा, "छे, लेखक आमचा धाकटा." हे त्याच्या मुलीला, म्हणजे या शाळेतल्या इंग्रजीच्या मॅडमना, फार लागायचं. आज तिने आपल्या तासाला दोघांना बोलावलं होतं ते म्हणूनच.

आधी काकांची कविता झाली. टाळ्याही झाल्या. मग तिने फळ्यावर शब्द लिहिला: एक्स्पोझिटरी.

"गोष्ट रंगवायची नाही, वाद जिंकायचा नाही, एखादी गोष्ट नीट उलगडून सांगायची, अशा लेखनाला हा शब्द लावतात. विज्ञानाचा धडा एक्स्पोझिटरी. 'ढग कसे बनतात' हा तुमचा निबंधही. काकांची कविता मात्र नाही. आणि हा कागद? हा माझ्या बाबांनी लिहिलाय. चला, कोण शिवतंय?"

वर्गातली एक विद्यार्थिनी पुढे आली. वर्गाकडे तोंड करून, मशीन ठेवलेल्या टेबलामागे उभी राहिली. दोरा सुईदोऱ्याने घरूनच ओवून आणला होता. 'कापड सुईशेजारच्या पायाखाली सरकवा.' सरकवलं. 'चाक तुमच्याकडे फिरवा.' तिने फिरवलं. दोऱ्याचा हा गुंता!

चूक सुईदोऱ्याला लख्ख दिसली. मशीनचं तोंड वर्गाकडे होतं, पोरगी पाठीमागे उभी. तिचं 'तुमच्याकडे' म्हणजे उलटी दिशा. एक शब्द बोलला असता तर लाज राहिली असती, तीही धाकट्यासमोर. त्याची मुलगीही त्याच्याकडेच बघत होती. पण त्याने हात मागेच ठेवले. कागदाला जमत नसेल तर आपण बोलून काय उपयोग!

पहिल्या बाकावरची एकजण टेबलावरच्या कागदात डोकावून म्हणाली, "अगं, चित्रात चाक उजवीकडे आहे. तू इकडून ये ना!" ती फिरून आली, खुर्चीवर बसली. गुंता काढला, चाक फिरवलं. टाका पडला. मग दुसरा. मग सरळ रांगच.

वर्ग ओरडला. सुईदोऱ्याने मात्र खिशातून पेन काढलं आणि कागदावर सर्वांत वर लिहिलं: 'चाक उजव्या हाताला येईल असे मशीनसमोर बसा.' इतकी वर्षं स्टूल तोच योग्य बाजूला ठेवत आला होता, म्हणून हे वाक्य कधी सुचलंच नव्हतं. आता घराघरात पोचेल.

"माझ्या कवितेत चूक असली तर कुणाला कळणारही नाही रे, दादा," धाकटा हळूच म्हणाला. त्यात थट्टा नव्हती.

परतताना मशीन धाकट्याने उचललं होतं. फाटकाशी सुईदोरा थांबला, सदरा सारखा केला आणि रखवालदाराला म्हणाला,

"दुसरे लेखक निघाले बरं का!"