चेअरमनांच्या अंगठ्यातली दुसरी रेघ

सोनोग्राफी सेंटरच्या पायरीशी येऊन चेअरमन अडले. आत बाकावर गरोदर बायका ओळीनं बसलेल्या. चेअरमनांच्या डाव्या पायात चप्पल, उजवी हातात, आणि उजव्या पायाचा अंगठा सुजून लालभडक.

"डाक्टर, मला काय दिवस गेल्यात व्हय? गावात कळलं तर पुढच्या इलेक्शनला उभं ऱ्हायची सोय न्हाय."

"पोटाची नाही, अंगठ्याची सोनोग्राफी आहे. चला," मी म्हणालो. मी त्यांचा नेहमीचा डॉक्टर, त्यांना घेऊन आलेलो.

चेअरमन म्हणजे राधानगरीकडच्या एका दूध संस्थेचे अध्यक्ष. संस्था दोन खोल्यांची, पण चेअरमनांच्या मागेपुढे चार माणसं. त्यातल्या एकाचं काम फक्त साहेबांचा मोबाइल धरणं. त्या वेळी मोबाइल नवा होता, आणि तो दुसऱ्यानं धरण्यात शान होती.

त्यांचा आजार गाऊट. रक्तात युरिक अ‍ॅसिड वाढलं, की त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचतात. मधूनच सांधा पेटतो. औषधानं आठवड्याभरात थंड होतो, पण स्फटिक तिथंच राहतात. ते विरघळवायला अ‍ॅलोप्युरिनॉल नावाची गोळी रोज, वर्षानुवर्षं घ्यावी लागते. सुरुवातीला स्फटिक हलू लागले की उलट एखादा अटॅक येतो, म्हणजे सांधा पुन्हा पेटतो. तेवढा सोसावा लागतो.

चेअरमन सोसत नसत. दुखणं थांबलं की गोळी बंद. रिपोर्ट नॉर्मल आला की "पास झालो" म्हणून बंद. गोळी चालू असताना दुखलं तर गोळीच्या नावानं शिमगा करून बंद. मधल्या काळात मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या मूठभर. त्या किडनीला मारतात. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन दर तपासणीला चढत होतं. असंच चाललं असतं तर पुढचं स्टेशन डायलिसिस. हे मी त्यांना समजावून सांगितलं होतं, चित्रं काढून सांगितलं होतं, ओरडून सांगितलं होतं. उत्तर ठरलेलं, "बघू की."

सेंटर डॉ. शर्वरीचं. वयानं माझ्या मुलीएवढी, पुण्याहून शिकून आलेली. तिच्या नव्या मशीनला कातडीखालच्या बारीक गोष्टी दाखवणारा प्रोब होता, आणि त्यात गाऊट दिसतो असं ती डॉक्टरांना भेटून सांगत होती. मी इतकी वर्षं गाऊट बोटांनी ओळखत आलेलो. माझ्या वेटिंगमधले पेशंट तिचं नाव घ्यायला लागले, की माझा आवाज चढतो, असं आमच्या कंपाउंडरचं निरीक्षण होतं.

तिनं अंगठ्यावर जेली लावली आणि स्क्रीन चेअरमनांकडे वळवला.

"काका, ही खालची पांढरी रेघ म्हणजे हाड. वरचा काळा पट्टा म्हणजे कूर्चा, सांध्याची गादी. आणि तिच्यावर ही दुसरी पांढरी रेघ दिसते? ती असायला नको. तो सगळा स्फटिकांचा थर."

"आयला! एवढं माझ्या अंगठ्यात? डाक्टर, तुम्ही हे कधी बोलला न्हाईसा."

"दर वेळी हेच बोलतो."

"बोलला असशीला. दाखीवलं न्हाई की!"

शब्द माझेच होते. तिनं फक्त दिवा लावला होता.

चेअरमनांनी गोळी सुरू केली. दोनेक महिन्यांनी अटॅक आला, त्यांनी गोळी बंद केली आणि शर्वरीनं दिलेला रेघेचा फोटो कपाटात गेला. म्हणजे मशीनचंही त्यांनी ऐकलं नव्हतं. मला बरं वाटलं. मग क्रिएटिनिनचा नवा रिपोर्ट हातात आला आणि बरं वाटायचं थांबलं.

चेअरमनांना एक चुलतभाऊ, तात्या. खताचं दुकान. चेअरमनकीच्या निवडणुकीत यांच्याकडून पडलेला. गाऊट घराण्यातच, त्यामुळे त्यालाही होता. तात्या माझ्याकडेच यायचा, पण गाजावाजा नाही. शर्वरीकडून अंगठ्याचा फोटो काढून घेतला, गोळी नेमानं घेतली, मधला अटॅक सोसला. वर्षभरानं शर्वरीनं पुन्हा पाहिलं, तर दुसरी रेघ नाहीशी. तात्यानं आधीचा आणि नंतरचा, दोन्ही फोटो लॅमिनेट करून दुकानात गणपतीशेजारी लावले. गिऱ्हाइकाला सांगायचा, "ह्यो माझा अंगठा. आता चेअरमनचा बघून या जावा."

पुढच्या आठवड्यात चेअरमन आले. एकटे. मोबाइल स्वतःच्या हातात.

"तात्याची रेघ गेली म्हनं?"

"दुसऱ्या पेशंटचं मी सांगत नाही."

"तुम्ही कशाला सांगताय? त्येनं फोटू टांगल्यात! माणसं दूध घालाय येत्यात आन् माझ्या पायाकडं बघून हसत्यात."

"मग काय करायचं?"

"त्यो खातोय त्येच्यापेक्षा जादा पावरची द्या."

"पॉवर तुमच्या किडनीला विचारून ठरते, तात्याला विचारून नाही. कमी डोसनं सुरू करू. अटॅक येईल. आला तरी गोळी बंद करायची नाही, आणि मेडिकलच्या गोळ्यांना हात लावायचा नाही."

"न्हाई लावत. बंद केली तर तात्याला कळंल की."

अटॅक आला. चेअरमन माझ्याकडे येऊन तोंड भरून शिव्या देऊन गेले, पण गोळी चालू ठेवली. दर काही महिन्यांनी शर्वरीकडे जायचे. रेघ पातळ झाली, मग तुटक झाली. तिथं त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "तात्याची ह्या टायमाला एवढीच हुती का?" अखेर रेघ गेली. क्रिएटिनिन चढायचं थांबलं. डायलिसिसचा विषय संपला.

संस्थेत सत्कार झाला. मंडप, फेटे, लाउडस्पीकर. शाल आणि नारळ डॉ. शर्वरीला. चेअरमन माइकवर म्हणाले, "म्याडमच्या मशीननं माझी किडनी वाचवली." मी पहिल्या रांगेत, सोफ्यावर. शर्वरी उठून म्हणाली, की औषधोपचार सगळे सरांचे, मी फक्त फोटो काढले. टाळ्यांचा कडकडाट झाला. तिच्या नम्रतेला.

घरी येताना हिशेब मांडला. मशीननं स्फटिक दाखवले, गोळीनं विरघळवले आणि गोळी तात्याच्या फोटोंनी घ्यायला लावली. तात्याचं नाव मंडपात कुणीच घेतलं नाही.

तेव्हापासून गाऊटचा पेशंट आला, की खाण्यापिण्याचं विचारायच्या आधी मी विचारतो, भावकीत आणखी कुणाला आहे? असेल तर त्यालाही आणायला सांगतो आणि दोघांना एकाच दिवशी शर्वरीकडे पाठवतो. गुण येतो. चिठ्ठीवर तिचं नाव लिहिताना माझं अक्षर मात्र अजून बिघडतं.