कॅमेलियाच्या कुंपणातली जोरो

पडदा वर जातो तो मागच्या अंगणावर. डावीकडे लाकडी व्हरांडा, त्याचं छत फिक्या निळ्या रंगाचं. व्हरांड्यात दोन झुलत्या खुर्च्या, मधल्या तिवईवर कॉफीचं भांडं आणि दोन जाडजूड मग, त्यातल्या एकाचा कान उडालेला. उजवीकडे पुरुषभर उंचीचं कॅमेलियाचं कुंपण, अंगणाच्या कडेकडेने पार रस्त्यापर्यंत गेलेलं. त्या कुंपणात एक भगदाड आहे, माणूस वाकून येईल एवढं. सप्टेंबरची सकाळ. पलीकडच्या घराचं जाळीचं दार धाडकन आपटतं. ही आमची तिसरी घंटा. आता भगदाडातून हॉइट सॅटरफिल्डने प्रवेश करायचा, हातात टोमॅटो नाहीतर नुसतीच एखादी तक्रार घेऊन, आणि व्हर्लीन टगलने म्हणायचं, "उशीर केलास."

कितीतरी वर्षं हा प्रवेश असाच होत आला होता. त्या सकाळी मात्र रंगमंचावर आधीच कुणीतरी येऊन बसलं होतं.

भगदाडाच्या बरोबर मध्यभागी, सोनेरी धाग्यांच्या भल्याथोरल्या जाळ्यात ती लटकली होती. पाय पसरले तर हाताच्या पंजात मावणार नाही अशी. पिवळ्या अंगावर निळसर पट्टे, पोटाखाली लाल डाग, काळ्या लांब पायांत पिवळी कडी घातल्यासारखी. जोरो कोळीण. अटलांटाच्या उत्तरेला, आमच्या भागात, ती काही वर्षांपूर्वी पूर्व आशियातून आलेल्या मालाच्या खोक्यांतून उतरली म्हणतात. मग विजेच्या तारा, चर्चचा मनोरा, बँकेची पाटी, असं करत करत घरोघरी पोचली. माणसाला ती काही करत नाही. पण दिसते अशी, की सोज्वळ बाईच्या तोंडूनही भलता शब्द निघावा.

व्हर्लीनच्या तोंडून तो निघाला. मग तिने झाडू आणून जाळं पाडलं. दुसऱ्या दिवशी जाळं जागच्या जागी. पुन्हा पाडलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा झाडू उचलला तेव्हा ऊन नुकतं कुंपणावर चढत होतं आणि कोळीण मान खाली घालून, म्हणजे मान असती तर खाली घालून, एकेक धागा पायाने ताणून चिकटवत होती. व्हर्लीन बघत राहिली. तिने उभा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात काढलेला. अंधारात उठून कणीक भिजवायची, ताक घालून केलेल्या फुगीर बिस्किटांचे ट्रे भट्टीत सरकवायचे, पोरांनी दुपारपर्यंत फडशा पाडायचा आणि उद्या पुन्हा पहिल्यापासून. गावातली निम्मी माणसं तिच्या हातचं खाऊन मोठी झाली. त्यांपैकी एकालाही तिने कधी रिकाम्या ताटाने परत पाठवलं नव्हतं.

"बरं बाई," ती म्हणाली, "बस." आणि झाडू जागेवर नेऊन ठेवला.

हॉइट येईल, हाताने जाळं बाजूला सारेल, दोन शिव्या हासडेल, असं तिने धरलं होतं. हॉइट आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गुडघा धरला असेल, म्हणून तिने कॉफी एकटीनेच घेतली.

इथे त्या भगदाडाची गोष्ट सांगायला हवी. व्हर्लीनचा नवरा डेल ऐन तारुण्यात गेला, तेव्हा सगळं गाव पुढच्या दाराने आलं. हातात झाकलेली भांडी, तोंडावर ठरलेली वाक्यं. एकटी हॉइटची बायको इमोजीन कात्री घेऊन कुंपणाशी गेली. करकर फांद्या कापून तिने हे भोक पाडलं आणि घरातल्या सपाता घालून मागच्या दाराने आत येऊन, एक अक्षर न बोलता, सिंकमधली भांडी घासायला लागली. तेव्हापासून ती वाट. पुढे इमोजीनही गेली. तिला पोचवून आल्यावर दुसऱ्याच सकाळी हॉइट त्या भगदाडातून आला आणि कान उडालेला मग हातात घेऊन बसला. तेव्हापासून तो मग त्याचाच.

आमच्याकडे पुढचं दार असतं ते पास्टरसाठी, विमेवाल्यासाठी आणि मयताची बातमी आणणाऱ्यासाठी. आपलं माणूस मागून येतं. रस्त्याने आलेल्याने घराला वळसा घालून मागे जायचं नसतं, तसं चोर जातो. म्हणून त्या आठवड्यात एका दुपारी पुढच्या दाराची घंटा वाजली आणि दारात हॉइट दिसला, तेव्हा व्हर्लीनला आधी वाटलं, कोण गेलं? इस्त्रीचा शर्ट, हॅट छातीशी, हातात मस्कडाइन द्राक्षांची कागदी पिशवी.

"मिस व्हर्लीन," तो म्हणाला, "कशा आहात? अडचणीच्या वेळी तर नाही ना आलो?"

पन्नास वर्षं तू-तू म्हणणारा माणूस.

"छे हो, मिस्टर हॉइट," व्हर्लीन म्हणाली. "या ना. बसा."

तिने त्याला पुढच्या खोलीतल्या, कुणीच न बसणाऱ्या कोचावर बसवलं आणि लग्नातल्या चिनी मातीच्या कपबशीत कॉफी दिली. एवढासा कप हॉइटच्या हातात बाहुलीच्या भांड्यासारखा दिसत होता. आयुष्यभर कोंबड्यांच्या शेडमध्ये राबलेले हात ते.

"द्राक्षं गोड आहेत यंदा," तो म्हणाला.

"दिसतायत."

"मुलगा म्हणतोय सव्हानाला येऊन राहा. खालची खोली रिकामीच आहे त्याच्याकडे. थँक्सगिव्हिंगच्या आत सांगायचंय."

एरवी ती म्हणाली असती, तुझं डोकं ठिकाणावर आहे का. पण पुढच्या खोलीत तसं बोलत नाहीत.

"समुद्र जवळ आहे तिथे," ती म्हणाली. "बरं वाटेल तुम्हाला."

"हो," हॉइट कपात बघत म्हणाला. "बरंच वाटेल."

तो पुढच्या दारानेच गेला. तिने कपबशी धुतली, पुसली, कपाटात ठेवली. मग स्वयंपाकघरातल्या स्टुलावर नुसतीच बसून राहिली. भांडायला आला असता तर बरं होतं. सभ्यपणाने आलेल्या माणसाला थांबवायचं कसं?

ऑक्टोबर लागला. कॅमेलियाला कळ्या धरल्या, बोटभर जागा सुटली नव्हती. कोळीण फुगली, जाळंही वाढलं. व्हर्लीनची भाची डार्ला शनिवारी आली ती फवाऱ्याचा डबा घेऊनच.

"मावशी, ही घाण अजून इथेच? कुठून कुठून येतात आणि आपल्या डोक्यावर बसतात."

"हे कॅमेलियाही तिकडूनच आलेत. त्यांच्यावर फवारलंस कधी?"

"त्यांना आठ पाय नाहीत."

"तुझ्या नवऱ्याला तरी कुठे दोन धड आहेत. ठेव तो डबा, आणि बिस्किटं घे."

डार्ला हसली, बिस्किटं घेऊन गेली. डबाही परत नेला.

मग एक धुक्याची सकाळ. व्हर्लीन लवकर उठली होती. व्हरांड्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात शाल पांघरून बसली होती. पलीकडे जाळीचं दार वाजलं, पण अगदी हळू. भगदाडातून पलीकडचं गवत दिसत होतं आणि गवतात हॉइट उभा होता. हातात टोमॅटो, हंगामातले शेवटचे. तो एक पाऊल पुढे आला. वाऱ्याने जाळं हललं, कोळिणीने एक पाय उचलला आणि हॉइट दोन पावलं मागे गेला. खांदे पाडून तो तसाच उभा राहिला. पुन्हा एक पाऊल. पुन्हा मागे. शेडमध्ये शिरलेला विषारी साप असो की पिसाळलेला कुत्रा, शांतपणे फावडं उचलणारा तो दांडगा माणूस, कपाळ पुसून, टोमॅटो तसेच छातीशी धरून घरात परत गेला.

व्हर्लीन हसली नाही. किती सकाळी तो असा येऊन परत गेला असेल?

आता काय करायचं? जाळं काढावं, तर उद्या ती पुन्हा तिथेच विणणार, आणि आज काढलं म्हणजे व्हर्लीनने बघितलं, हे त्याला कळणार. पुरुषाला भित्रा म्हणणं आमच्याकडे कुठल्याच दाराने चालत नाही. आणि खरं सांगायचं तर, ज्या बाईला बस म्हटलं तिला ऊठ म्हणणं व्हर्लीनला जमणार नव्हतं.

तिने गराजमधून फांद्या छाटायची मोठी कात्री काढली. व्हरांड्यासमोर, कुंपणाचा सगळ्यात भरलेला भाग होता, तिथे गेली. याच फांद्यांची फुलं ती दर वर्षी डेलच्या आणि इमोजीनच्या थडग्यांवर नेत असे. एक फांदी धरली. कळ्या टपटप गळल्या. तिने कापली. मग दुसरी.

आवाज ऐकून पलीकडे पावलं आली.

"व्हर्लीन? काय करतेस?"

पुन्हा ‘तू’वर आला होता. तिने ऐकलं, पण कात्री थांबवली नाही.

"ढकलगाडी जात नाही जुन्या भोकातून. मोठं करतेय एक."

"कळ्या आहेत त्यावर."

"पुन्हा येतील."

मग पावलं गेली, आणि जरा वेळाने करवतीचा आवाज सुरू झाला. तो त्याच्या बाजूने कापत होता. बोलणं पानांतून चाललं.

"मला वाटलं तू मुद्दाम ठेवलीस तिला," हॉइट म्हणाला.

"मुद्दाम कशाला?"

"मी येऊ नये म्हणून. इमोजीन गेल्यापासून रोज येऊन डोकं खातोय. माणूस कंटाळतं."

"आणि तू घंटा वाजवून आलास, इस्त्री करून. मला वाटलं, आता हा पाहुणा झाला."

करवत थांबली.

"कोळी मला," हॉइट म्हणाला, "फारसे आवडत नाहीत."

"मला तरी कुठे आवडतात. ती मला चालवून घेते, मी तिला."

मधली शेवटची फांदी दोघांनी दोन बाजूंनी ओढली. फांदी सुटली, आणि भोकातून हॉइटचं घामेजलेलं तोंड दिसलं, केसांत पानं अडकलेली. त्याने डावीकडे नजर टाकली. जोरो तिच्या दारात निवांत बसली होती.

"सव्हानाला काय सांगितलंस?" व्हर्लीनने विचारलं.

"अजून काही नाही."

"सांग, म्हणावं, कुंपणाचं काम निघालंय."

हॉइट वाकला, आत आला, उभा राहून पाठ ताठ केली. डोळा अजून जाळ्यावरच.

"थंडीत ती मरेल," तो म्हणाला. "पण अंडी घालून जाईल. पुढच्या वर्षी तिची पोरं याही भोकात येऊन बसतील, बघ."

व्हर्लीनने त्याच्या केसांतलं एक पान काढलं आणि व्हरांड्याकडे वळली.

"मग आणखी पुढे कापू. कुंपण पार रस्त्यापर्यंत आहे. चल, कॉफी निवतेय."