जोडव्यांसाठी घेतलेलं यंत्र

सेवेतून बाहेर पडून दोन वर्षं झाली. बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठला आरोपी कुठल्या गुन्ह्यातला, हे जुन्या सहकाऱ्यांना फोन करून विचारावं लागतं. या एका प्रकरणाबद्दल मात्र कोणाला काही विचारावं लागत नाही.

तेव्हा मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत गुप्तधनाच्या नादी लागलेल्यांनी उच्छाद मांडला होता. जुनी बारव असो की पडकी गढी, खड्डा पडलेला दिसायचाच. असे लोक मेटल डिटेक्टर वापरतात, म्हणून कोणी तसलं यंत्र घेताना दिसलं तर कळवा, असं मी खबऱ्यांना सांगून ठेवलं होतं.

चैत्रातली सकाळ. हजेरी चालू असतानाच एका खबऱ्याचा फोन आला.

"साहेब, पंपदुरुस्तीच्या दुकानात एक म्हातारा जुन्या मशिनी बघून राहिला. दागिना हुडकायला कोणती बरी, असं इचारतोय."

एका हवालदाराला घेऊन मी साध्या कपड्यांत तिथे गेलो. दुकानामागच्या अंगणात साठीचा एक मेंढपाळ उकिडवा बसला होता. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी. समोर तीन जुनी यंत्रं मांडलेली. त्यानं जमिनीत वीतभर खोल एक चांदीचं जोडवं पुरलं होतं, शेजारी चार गंजके खिळे. प्रत्येक यंत्र तो स्वतः हातात घेऊन त्यावरून फिरवून बघत होता.

पहिलं मोठ्या चकतीचं होतं. ते खोलवर जायचं, पण खिळ्यालाही तसंच ओरडायचं. दुसरं नुसतं हलवलं तरी वाजायचं. दांड्याजवळची वायर सैल होती. तिसऱ्याची चकती लहान. दुकानदारानं एक बटण दाबलं, तसं ते खिळ्यांवर गप्प राहिलं आणि जोडव्यावर आलं की बारीक आवाज काढून पडद्यावर आकडा दाखवू लागलं. म्हाताऱ्यानं जोडवं काढलं, पुन्हा पुरलं, पुन्हा बघितलं. चार वेळा तोच आकडा आला.

"ही द्या," तो म्हणाला. "पर किती खोल चालती?"

"वीत, लई झालं तर दीड वीत," दुकानदार म्हणाला.

म्हातारा विचारात पडला. मी ओळख दिली आणि त्याला यंत्रासकट ठाण्यात आणलं.

गुप्तधनवाल्यांची चौकशी कशी करायची हे मला पाठ होतं. कोणत्या भोंदूनं जागा दाखवली, सोबत कोण आहे, असं मी दरडावून विचारत गेलो. तो मान खाली घालून बसला होता.

"धन न्हाई हुडकायचं साहेब."

"मग काय?"

"पोरगी."

त्यानं मान वर केली.

"तुमी मला वळखलं न्हाई. पौषात दोनदा आलतो. हितंच, ह्याच टेबलापुढं उभा व्हतो."

मी हरवलेल्या व्यक्तींचं रजिस्टर मागवलं. नोंद होती. सव्वीस वर्षांची विवाहिता, सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याखालचं एक गाव. खबर देणारा नवरा. घरातले दागिने घेऊन, तीन वर्षांच्या मुलीला मागे टाकून निघून गेली, असं त्यानं सांगितलं होतं. खाली तपासाचा शेरा होता: 'कोणासोबत तरी स्वखुशीने गेली असावी.' सही माझीच होती. तो म्हातारा दोनदा आला तेव्हा मी त्याला काय म्हणालो, हेही मग आठवलं. येईल हो बाबा, अशा बाया महिना-दोन महिन्यांत येतात.

मी त्याच्यासाठी चहा मागवला. त्यानं तो घेतला नाही.

"ती गेली न्हाई, हे कशावरून म्हणता?" मी विचारलं.

तो सावकाश बोलू लागला. जावयाच्या रानात तो दरसाल मेंढ्या बसवायचा. मेंढ्यांच्या लेंड्यांनी जमीन सुधारते, म्हणून जावई स्वतः बोलवायला यायचा. औंदा निरोप आला नाही. म्हातारा आपणहून गेला, तर जावई म्हणाला, वरच्या रानात बसवा, धुऱ्याकडच्या, बांधालगतच्या तुकड्यात नको.

"काहून नको, म्हणलं. तर माझ्यावरच खेकसला. त्या कोपऱ्यात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा ढीग हाय, वर काट्या टाकल्यात. बाकी समद्यांच्या पऱ्हाट्या चुलीत जळून गेल्या, ह्याच्याच काहून ऱ्हायल्या?"

"आणि मशीन?"

"मी परवानगी इचारायला येणारच व्हतो. उगी तुमाला म्हणलो असतो तर तुमी हसला असता. तिची जोडवी लगनापासून निघत न्हाईत, बोटं भरली तिची. बाकी दागिने तिनं नेले म्हणतो जावई. ऱ्हाऊ द्या. जोडवी तर जिथं ती हाय तिथंच असतील."

हसलो असतो का, हे मी आजही खात्रीनं सांगू शकत नाही.

त्याच दुपारी जावयाला बोलावलं. तिशीचा, नीटनेटका, प्रश्नाला प्रश्नापुरतंच उत्तर देणारा माणूस. माझा एक अनुभव आहे. ज्याचं माणूस खरोखर हरवलं, तो ठाण्यात पाय ठेवल्याबरोबर विचारतो, काही लागला का पत्ता? हा तीन महिन्यांत एकदाही फिरकला नव्हता, आणि आजही त्यानं ते विचारलं नाही. पऱ्हाट्यांबद्दल विचारलं तेव्हा मात्र त्यानं दोनदा पाणी मागितलं. कबूल काहीच केलं नाही.

दुसऱ्या दिवशी पंचांना घेऊन आम्ही शेतात गेलो. जिल्ह्याहून बॉम्बशोधक पथकाचं यंत्र मागवलं होतं, पण ते तारेच्या तुकड्यापासून नांगराच्या फाळाच्या कपच्यांपर्यंत सगळ्यालाच वाजू लागलं. मग म्हाताऱ्यानं निवडलेलं यंत्र काढलं. ढीग हलवला आणि एका शिपायानं कोपऱ्यातून सुरुवात केली. म्हातारा धुऱ्यावर उभा होता. जावयाला आम्ही दुसऱ्या टोकाला बसवलं होतं. बराच वेळ काही झालं नाही. मग बारीक आवाज आला. शिपायानं पडदा बघितला, यंत्र उचललं आणि पुन्हा तिथंच आणलं. तोच आकडा. त्यापासून जरा बाजूला आणखी एकदा तोच.

मी काम थांबवलं. संशयित जागा आपल्या मर्जीनं खोदता येत नाही. तहसीलदार आणि वैद्यकीय अधिकारी येईपर्यंत दोन तास गेले. म्हाताऱ्याला जीपमध्ये बसायला सांगितलं, तर तो म्हणाला, "न्हाई. मी हितंच ऱ्हातो."

खोदताना आधी पाय लागले. खड्डा घाईचा, उतरता होता. पायांकडची बाजू जेमतेम वीतभर खोल होती. दोन्ही पायांत जोडवी होती. पंचनामा चालू असताना म्हाताऱ्यानं एकदाच वाकून बघितलं आणि अंगावरची घोंगडी काढून शिपायाच्या हातात दिली.

"हिच्यात घ्या तिला," तो म्हणाला.

जावयानं संध्याकाळच्या आत सगळं सांगितलं. मारहाणीला कंटाळून ती मुलीला घेऊन माहेरी निघाली होती, त्यानं गळा दाबला. तोडे आणि कानातलं त्यानं परजिल्ह्यातल्या एका सोनाराकडे विकलं होतं, ते त्याच्याच निवेदनावरून जप्त झालं. दोषारोपपत्र मुदतीत गेलं. जन्मठेप झाली.

वरिष्ठांनी तपासाबद्दल माझी पाठ थोपटली. तपास मी केला नव्हता. तो एका मेंढपाळानं केला होता, आणि त्याच्या हाती यंत्र येईपर्यंतचे तीन महिने माझ्या एका ओळीनं खाल्ले होते.

निकालानंतर तो नातीला घेऊन ठाण्यात आला. मी त्याची माफी मागितली.

"आता त्याचं काय साहेब," तो म्हणाला. "गावात हिला पोरं म्हणायची, तुझी माय पळून गेली. आता तसं म्हणता येत न्हाई. तेवढं झालं."

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी माझ्या कोणत्याही ठाण्यात बेपत्ता बाईच्या नोंदीपुढे 'स्वखुशीने' हा शब्द लिहू दिला नाही. ती स्वखुशीनं गेली, हे तिनं स्वतः येऊन सांगितलं तरच लिहायचं. नवे फौजदार कुरकुरायचे, काम वाढतं म्हणायचे. वाढू द्या, मी म्हणायचो. त्यांना कारण कधी सांगितलं नाही.