पाहुणे आले की

माझी मुलगी चालते. आता चालतात सगळेच, पण हिचं चालणं वेगळं. संध्याकाळी कामावरून आली, हातपाय धुतले, चहा झाला, की ही पॅसेजमध्ये निघणार. या टोकापासून त्या टोकापर्यंत, भिंतीला एक बोट लावून, तोंडाने बारीक हूं हूं करत. टोकाला पोचली की वळणार, परत येणार. नायगावच्या आमच्या जुन्या चाळीत मधून लांबलचक पॅसेज होता, दोन्ही बाजूंना खोल्या, एका टोकाला जिना, दुसऱ्या टोकाला संडास. लहानपणापासून तिची ही वाट. आता पस्तिशी ओलांडून गेलीय, तरी तेच.

सुरुवातीला लोक विचारायचे, मग विचारेनासे झाले. पाण्याची पिंपं ज्या भिंतीला होती ती भिंत तिच्या बोटाची, म्हणून कुणीतरी ती सगळी पिंपं उचलून समोरच्या भिंतीला लावली. मी सांगितलं नव्हतं हो कुणाला. बायका म्हणायच्या, ही निघाली म्हणजे चहा टाकायची वेळ झाली. गणपतीत ढोल सुरू व्हायच्या आधी मंडळातलं कुणीतरी दारात येऊन सांगून जायचं, "ताई, वाजवतोय गं." मग ती कानात कापूस घालून वर उशी दाबून बसायची. आवाज तिला सहन होत नाही म्हणावं, तर तेही पुरत नाही. आवाज तिला दुखतो. आपल्याला दाढ दुखते तसा.

ऑटिझम हा शब्द आमच्या घरात फार उशिरा आला. ती कॉलेज संपवून बसली होती तेव्हा परळच्या एका हॉस्पिटलात कळलं. तोवर शाळेने तिला हट्टी म्हटलं, नातेवाइकांनी तुसडी म्हटलं. तिचे वडील तेव्हा होते. ते घरी येताना बसमध्ये एवढंच म्हणाले, बरं झालं, नाव तरी मिळालं.

पुढे तिला दादरला एका ऑफिसात जुने कागद स्कॅन करायचं काम लागलं. कामात चूक नाही. पण माणसांत बसायचं म्हणजे तिला दुसरंच काम करावं लागतं. कुणी बोललं की डोळ्यांत बघायचं, ते जमत नाही म्हणून ती भुवयांकडे बघते. बाकीचे हसले की हसते. विनोद कळला नाही तरी हसते. एकदा मला म्हणाली, "आई, दिवसभर चेहरा धरून ठेवावा लागतो." मला तेव्हा कळलं संध्याकाळचं चालणं कशासाठी असतं ते. धरलेला चेहरा ती तिथे खाली ठेवते.

आणि हा चेहरा जिच्यापुढे तिने कधी धरला नाही अशी घराबाहेरची एकच बाई, ती म्हणजे समोरच्या खोलीतली काकी. काकी मालवणकडची, माझ्याहून थोडी लहान. तिचं दार आणि माझं दार समोरासमोर, दोन्हीकडे नुसते पडदे. मी ड्युटीवर असले तर मुलगी काकीकडे जेवायची. हिला कालवण भाताला लागलेलं चालत नाही, तर काकी वेगळ्या वाटीत द्यायची आणि वाटीसुद्धा तीच ठेवायची. घरात कुणी नवीन माणूस आलं की काकी आधीच सांगायची, "हिला हात लावू नका हां, बाकी काही नाही." मी काकीला बहीण मानली, असं म्हणणं पण कमीच. सख्ख्या बहिणीला मी मुलगी अशी डोळे मिटून दिली नसती.

मग चाळ पाडून तिथे टॉवर बांधायचं ठरलं. मधली वर्षं आम्ही भोईवाड्यात भाड्याने काढली, आणि ती वर्षं मुलीने काढली ती एका वाक्यावर. मी तिला सांगून ठेवलं होतं, जागा बदलेल, माणसं तीच राहतील. टॉवरमधल्या घरांच्या सोडतीत आमचा आणि काकीचा मजला एकच निघाला. दारं समोरासमोर नाहीत, थोडी तिरकी आहेत, पण एकाच पॅसेजला. काकीने मला तिथेच मंडपात मिठी मारली. दोघी म्हाताऱ्या रडत होतो आणि लोक पेढे वाटत होते.

नवीन पॅसेज चकाचक. पाऊल टाकलं की दिवे आपोआप लागतात. लिफ्टचा टिंग आवाज मुलीला टोचायचा, वरच्या मजल्यांवर फर्निचरवाल्यांची ड्रिल चालायची, तिने कानावर मोठे हेडफोन घेतले. पण चालायला लागली. भिंत नवीन, बोट तेच. मी देवापुढे साखर ठेवली.

मग एका संध्याकाळी ती निघाली नाही. मला वाटलं दमली असेल. दुसऱ्या दिवशीही नाही. कामावरून यायची आणि दाराला जे गोल भिंग असतं बाहेर बघायचं, त्याला डोळा लावून उभी राहायची. जेवायला बोलावलं तर हातानेच थांब म्हणायची. पुढे पुढे सकाळी निघतानाही आधी भिंगातून बघणार, दार उघडणार, परत लावणार. कामाला उशीर व्हायला लागला, तिथे बोलणी बसली, मग जाणंच बंद झालं. झोप गेली. मनगट चावायची सवय लहानपणी होती, ती परत आली. आणि एक दिवस भाजी निवडताना माझ्याशेजारी बसून, अगदी आज गुरुवार आहे म्हणावं तसं म्हणाली, "मी नसले तर कुणाची अडचण नाही होणार ना?"

माझ्या हातातली गवार तशीच राहिली. मी तिला जवळ घेऊ शकत नाही, तिला चालत नाही. मी फक्त तिच्या ओढणीचं टोक धरून बसले. त्या दिवसापासून मी तिला एकटं सोडलं नाही.

आधी जवळच्याच एका डॉक्टरांकडे नेलं, ते तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. सगळं मला विचारलं, ती जणू पिशवी होती मी बरोबर आणलेली. ऑटिझम म्हटल्यावर म्हणाले, या मुलांचं असंच असतं. पस्तिशीची बाई आणि ही मुलं. झोपेच्या गोळ्या दिल्या. मुलगी झोपली खरी, पण जागेपणीसुद्धा झोपल्यासारखी झाली, आणि तशीच भिंगाला डोळा लावून उभी राहायची. काकी रोज विचारायची, कशी आहे गं पोर, आणि घावणे आणून द्यायची. मी तिच्याजवळ रडायचे. कुणाजवळ रडणार दुसऱ्या?

शेवटी परळच्या त्या पहिल्या हॉस्पिटलात गेलो. तिथे एक तरुण मॅडम होत्या, मनाच्या डॉक्टर. त्यांनी आधी खोलीतला पंखा बंद केला, कारण तो करकरत होता आणि मुलगी वर बघत होती. मला कोपऱ्यात बसवलं आणि गप्प राहायला सांगितलं, ते माझ्यासाठी किती अवघड तुम्हाला कळलंच असेल आतापर्यंत. काय वाटतं, का वाटतं असलं काही त्यांनी विचारलंच नाही. म्हणाल्या, "दारातून तू काय बघतेस?"

मुलगी म्हणाली, "पाहुणे आलेत का ते."

"कुणाकडे?"

"काकीकडे. काकीने सांगितलंय, पाहुणे आले की बाहेर येऊ नकोस. पण आता दार बंद असतं. चपला पण आत ठेवतात. मग मला कळणार कसं?"

 

चाळीत कळायचं. पडदा वर केलेला, दाराशी अनोळखी चपला, आतून जरा जास्त हसणं, की समजायचं पाहुणे आहेत. इथे सोसायटीचा नियम, चपला बाहेर दिसता कामा नयेत, दारं लावलेली. काकी बोलून गेली आणि विसरली. माझी मुलगी शब्द पाळते. पाहुणे कुठल्या घडीला येतील ते तिला ठाऊक नाही, म्हणून तिने सगळ्याच घड्या सोडून दिल्या.

मॅडमनी मला नंतर समजावलं. ऑटिझम हा तिचा आजार नाही, ती तिची घडण आहे. पण या भीतीला, या उदासीला आजारच म्हणायचं, आणि तिच्यासारख्या माणसांना तो पुष्कळदा धरतो. दिवसभर स्वतःला लपवणं, कान किटवणारे आवाज, घर बदलणं, आणि हक्काची जागा गेली की तो हळूहळू चढतो. बाहेरचे म्हणतात हिचं असंच असतं, आणि उपचार राहून जातो. गोळ्या बदलल्या. दर आठवड्याला यायचं ठरलं. मी मान हलवत होते, पण मन कधीच टॉवरवर पोचलं होतं.

काकी कोलंबी सोलत होती. मी उभ्या उभ्याच विचारलं. तिने नाही म्हटलं नाही, तेवढं तिचं मानते. तिच्या मुलाचं लग्न जमत होतं, ठाण्याचे लोक घर बघायला यायचे होते. पॅसेजमध्ये कुणी हूं हूं करत फिरतंय म्हटल्यावर त्यांना काय वाटलं असतं. मी वाईट काय बोलले, प्रेमानेच सांगितलं, असं म्हणाली. मला का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. तर म्हणे, तुला वाईट वाटलं असतं.

मी म्हटलं, चाळीत एवढी वर्षं तुझ्याकडे पाहुणे येत नव्हते? तेव्हा कधी नाही आड आलं तिचं चालणं.

काकी रागावली की मालवणीत जाते. "तुका काय वाटला, चाळीत सगळ्यांका आवडायचा?" मग हात धुतले, पदराला पुसले आणि सरळ मराठीत, हळू आवाजात म्हणाली, "तिथे दार लावून बसायची सोय नव्हती गं. चालवून घेतलं सगळ्यांनी."

मी घरी आले. कूकर लावला. शिट्ट्या किती झाल्या ते कळलं नाही, भात खाली लागला. म्हणजे ती पिंपं. ती वाटी. "ताई, वाजवतोय गं." यातलं मायेपोटी किती होतं आणि सोय नव्हती म्हणून किती होतं, हे मी आता कुणाला विचारू? त्या चाळीच्या जिवावर मी आयुष्यभर मिरवले. भोईवाड्यात पोरीला सांगत राहिले, माणसं तीच राहतील. माणसं तीच आली की. दार मिळाल्याबरोबर लावलं त्यांनी.

गोळ्यांनी आणि मॅडमच्या बोलण्याने मुलगी हळूहळू वर आली. जेवायला लागली, मनगटावरचे वळ गेले. ऑफिसने अर्धा दिवस काम दिलं. आणि पॅसेजचा तोडगा तिने स्वतःच काढला. एका संध्याकाळी हेडफोन घातले, बाहेर पडली, काकीची बेल वाजवली. मी दारातून बघतेय. काकीने उघडलं. हिने विचारलं, "पाहुणे आहेत का?"

काकी जरा गोंधळली. "नाहीत गं. चाल तू."

आणि ती चालली. एवढ्या महिन्यांनी भिंतीला बोट लागलं. मी आत येऊन तोंडावर पाणी मारलं.

मग रोज तेच. रोज बेल, रोज तोच प्रश्न. हिच्या मनात टोमणा नव्हता, हिला टोमणे येतच नाहीत, हिला फक्त माहिती हवी. पण काकीला रोज त्या प्रश्नासाठी दार उघडावं लागायचं. आधी हसून सांगायची, मग नुसतं नाहीत, मग आतूनच ओरडून. आणि गेल्या महिन्यात एकदा दार उघडून म्हणाली, "आहेत."

मी माझ्या दारात उभी होते. तिच्या खांद्यावरून मला हॉल दिसत होता. सोफ्यावर इस्त्रीचे कपडे, टीव्ही बंद, कुणी नाही. काकीने माझ्याकडे बघितलं. मीही बघितलं. दार लागलं.

मुलगी परत आली, हेडफोन काढून जागेवर ठेवले. "आहेत," मला म्हणाली, आणि बसली. दुसऱ्या दिवशी पण आहेत. तिसऱ्या दिवशी ती बेल वाजवायला उठलीच नाही. नुसती भिंगाजवळ जाऊन उभी राहिली.

तिला खरं सांगावं असं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण लोक खोटं बोलतात हे ती शिकलीय, ऑफिसात शिकलीय. काकी खोटं बोलत नाही, हे तिचं अजून पक्कं आहे. ते काढून घेतलं तर तिच्याजवळ बाहेरचं काय उरतं? माझ्याजवळचं गेलं ते गेलं.

मी स्वयंपाकघरातली खुर्ची उचलली आणि पॅसेजमध्ये आमच्या दाराबाहेर ठेवली. तिथून लिफ्ट दिसते आणि काकीचं दारही दिसतं. मुलीला सांगितलं, आजपासून बघायचं काम माझं. पाहुणे आले तर लिफ्टने येतील, मला दिसतील, मी तुला सांगेन. तू काकीला विचारायचं नाही.

तिने विचार केला. "तू उठलीस तर?"

"उठणार नाही."

"संडासला?"

"आधी जाऊन येईन."

मग तिने हेडफोन घातले.

पॅसेजमध्ये सामान ठेवू नये असा ग्रुपवर मेसेज आला. नाव कुणाचं घातलं नव्हतं, पण मजला आमचाच होता. मी वाचला आणि फोन उशीखाली ठेवला. काकी भाजी घेऊन लिफ्टमधून येते, म्हणते, किती दिवस अशी बसणार आहेस गं? मी गुडघे आत घेते, तिला जायला वाट देते. 

परवा ठाण्याचे लोक खरंच आले, मिठाईचे खोके घेऊन. मी मुलीला म्हटलं, आलेत बघ पाहुणे. ती पॅसेजच्या पार मधोमध होती. थांबली, माझ्याकडे बघू लागली, आता काय ते मी सांगायचं होतं. मी म्हटलं, चाल तू. मी आहे इथे. ती पुन्हा निघाली. त्यातली एक बाई वळून बघायला लागली. मी त्या बाईला म्हटलं, माझी मुलगी आहे, या वेळेला चालते ती.

काकीच्या दारापाशी पोचली की ती बोट उचलते, दार ओलांडून पुन्हा भिंतीला लावते. चाळीत तिथे पडदा होता, तेव्हा बोट पडद्यावरून तसंच पुढे जायचं.