मुक्ताच्या पाच महिन्यांच्या माश्या मी उडवल्या

मित्रांनो, आज सकाळी मी फार वाईट वागलो.

माझी मैत्रीण मुक्ता पीएचडीला फळमाश्यांवर काम करते. मी एमएस्सी अर्धवट सोडली, पण तिला सोडणं जमत नाही. लॅबमध्ये गेलो, तर ती नुकत्याच जन्मलेल्या माद्या, नरांशी संबंध येण्याआधीच, वेगळ्या करत होती. "दहा मिनिटं थांब," म्हणाली.

चाळीस झाली. माझं डोकं फिरलं. "माश्यांसाठी वेळ आहे, माझ्यासाठी नाही?" म्हणत टेबलावर हात आपटला. कुपी पडली, कापसाचा बोळा निघाला. पाच महिने संकर करून मिळवलेल्या माद्या उडून गेल्या.

ती ओरडली नाही. म्हणाली, "या माश्यांचा लाल डोळ्यांचा जीन शाबूत आहे. पण तो गुणसूत्राच्या घट्ट गुंडाळलेल्या भागाशेजारी जाऊन पडलाय, म्हणून काही पेशींत बंद पडतो आणि डोळा लाल-पांढरा ठिपकेदार होतो. त्याला असं बिघडायला निदान कारण आहे. तुला काय कारण आहे रे? निघ."

तेव्हापासून फोन उचलत नाहीये. सदाशिव पेठेतल्या खोलीवर वेड्यासारखा बसलोय.

संध्याकाळी उरलेल्या कोशांतून नव्या माश्या निघतील, त्या निवडायला ती पुन्हा बसेल. जाऊन पाय धरू, की आज तिला शांतपणे काम करू देणं हीच माफी? लवकर सांगा, माझ्याच्याने इथं बसवत नाहीये.