ताल धरणारी टाच

वडगावातल्या माझ्या यंत्रमागांच्या शेडमध्ये नाचाच्या क्लासची बाई साड्या घ्यायला येते. "हिच्या पायात ताल न्हाय," म्हणत तिनं माझ्या पोरीला स्टेजवर घेतलं नव्हतं, म्हणून मी तिला एक रुपया सोडत नाही. तीही सोडत नाही. टाच आपटत घासाघीस करते. मला वाटायचं, मागांचा ताल धरते.

परवा मी भावावरून ओरडत असतानाच वीज गेली. माग थांबले. तिची टाच चालूच होती, मधूनच अडखळत.

"आता कशाचा ताल, बाई?"

"तुमच्या गळ्याची शीर उडतीया, अण्णा. मधीच ठोका गळतोय. डॉक्टरला दाखवा."

"भाव पाडायला भीती घालताय व्हय?"

ती हसली नाही. माझ्या तोंडचा भाव तिनं मुकाट्यानं दिला, आजाऱ्याशी कुणी वाद घालत नाही तसा.